घर आवडतं, ओळ सोसवत नाही

वाचकाचं पत्र:

"तीन वर्षांपूर्वी फ्लॅट विकून आम्ही शहराच्या वाढत्या टोकाला रो-हाऊस घेतलं. चौदा घरांची ओळ आहे, त्यातलं आमचं मधलं. स्वतःचं दार, डोक्यावर कुणाचा संसार नाही, पायाखाली कुणाचा नाही, पुढेमागे थोडं अंगण, एवढ्यासाठी आम्ही बरंच काही सोडलं. पहिलं वर्ष मजेत गेलं. आता डावीकडच्या भिंतीतून त्यांच्या जिन्यावर धावणाऱ्या मुलांचे पाय आणि रात्रीचा टीव्ही ऐकू येतो. उजवीकडच्यांनी मागच्या अंगणात दुमजली बांधकाम काढलं, तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात भर दुपारीही दिवा लागतो. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या. बाग, शाळा, बस सगळं 'होणार आहे'. मला कामावर जायला सव्वा तास लागतो, परत यायला त्याहून जास्त. सासूबाईंचे गुडघे गेलेत आणि त्यांची खोली वरच्या मजल्यावर. मिस्टर म्हणतात, आपणही मागे एक खोली काढू, घर मोठं झालं की तुझी कुरकुर थांबेल. येणारा-जाणारा म्हणतो, काय छान घर आहे! मग मलाच वाटतं, मी कृतघ्न आहे का? विकावं, वाढवावं, की सवय होईल म्हणून गप्प बसावं?"

उत्तर:

कृतघ्नपणाचा विषय आधी मिटवून टाकू, कारण तो मध्ये लुडबुडत राहिला की दुसरं काही सुचत नाही. अँगस कॅम्पबेल, फिलिप कॉन्व्हर्स आणि विलार्ड रॉजर्स या अमेरिकी संशोधकांनी १९७६ साली लोकांच्या जगण्यातल्या समाधानाचा मोठा अभ्यास मांडला. त्यांच्या मते समाधान ठरतं ते हाती आलेलं आणि हवं असलेलं यांच्यातल्या अंतरावरून. हवं असलेलं एका जागी थांबत नाही. पहिल्या वर्षी तुम्ही या घराची तुलना जुन्या फ्लॅटशी करत होता, त्यात घर सहज जिंकत होतं. आता तुलना ज्या घराचं चित्र डोक्यात धरून पैसे भरले त्याच्याशी चालली आहे. पाहुणा दिवाणखान्यात तासभर बसून जातो. त्याला घर दिसतं, रात्री साडेअकराचा टीव्ही त्याच्या कानावर येत नाही. त्याचं मत त्याच्यापुरतं बरोबर आहे आणि तुमचं तुमच्यापुरतं. दोन्हींत भांडण लावायचं कारण नाही.

विकावं, वाढवावं की सवय करावी, असं तुम्ही विचारलंत. गंमत अशी की अर्ल मॉरिस आणि मेरी विंटर या अभ्यासकांनी १९७५ मध्ये घर आणि कुटुंब यांचा मेळ कसा बसतो याचा सिद्धान्त मांडला, तेव्हा घर कमी पडलं की कुटुंबं हेच तीन मार्ग धरतात असं म्हटलं होतं: दुसरीकडे जाणं, घरात बदल करणं, किंवा स्वतःच्या राहणीला मुरड घालणं. हे तीन मार्ग एकाच दुखण्यावरची तीन औषधं नाहीत, आणि तुमच्या घरात गोंधळ तिथेच झालाय. तुमच्या पत्रातल्या काही तक्रारी घराच्या आहेत, काही ओळीच्या, काही शहराच्या. मिस्टर शहराच्या आणि ओळीच्या तक्रारीवर विटा-सिमेंटचा उपाय सुचवताहेत. मागे खोली काढून कामाचं ठिकाण जवळ येत नाही आणि डावीकडची मुलं हळू चालायला लागत नाहीत.

डाव्या भिंतीबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्या पत्रात सगळ्यांत जास्त चीड तिथे आहे आणि सुटण्यासारखी गोष्टही तीच आहे.

भिंतीतून येणारे आवाज दोन जातींचे असतात. बोलणं, टीव्ही, गाणी हे हवेतून भिंतीवर येतात आणि ती हलवून पलीकडे पोचतात. पावलं, दार आपटणं, खुर्ची सरकवणं हे थेट बांधकामात शिरतात. तुमच्या बाबतीत जिन्याचा आवाज दुसऱ्या जातीचा आहे. रो-हाऊसमध्ये जिना बहुतेक वेळा सामाईक भिंतीला चिकटून असतो, पायऱ्या तिच्यात अडकवलेल्या असतात. पलीकडचं मूल पायरीवर उडी मारतं तेव्हा ते जवळजवळ तुमच्याच भिंतीवर उडी मारत असतं. अशा आवाजाला तुमच्या बाजूने कितीही अस्तर लावलं तरी फरक थोडाच पडतो. तो जिथे जन्मतो तिथेच मऊ करावा लागतो: पायऱ्यांवर जाड रबर किंवा गालिच्याच्या पट्ट्या, दारांच्या चौकटींना रबरी पट्टी, खुर्च्यांच्या पायांना फेल्ट. उपाय स्वस्त आहे. अडचण एवढीच, की तो दुसऱ्याच्या घरात करायचा आहे.

टीव्हीचं मात्र तुमच्या हातात बरंच आहे. आधी फटी शोधा. सामाईक भिंतीत दोन्ही घरांचे विजेचे बोर्ड एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसवलेले असले, तर मध्ये जेमतेम बोटभर प्लास्टर उरतं. तुळईच्या बाजूची न भरलेली जागा, पाइप गेलेलं भोक, भिंत आणि छत यांच्यामधली चीर, इथून आवाज पाण्यासारखा येतो. रात्री दिवे घालवून भिंतीच्या कडेकडेने कान लावत फिरा. शेजाऱ्यांनी पाहिलं तर काय म्हणतील ते म्हणोत. छत उतरतं असेल आणि वर माळा असेल, तर सामाईक भिंत थेट छतापर्यंत गेली आहे का हेही बघा. काही ठिकाणी ती माळ्याच्या उंचीलाच थांबवलेली असते. मग आवाज वरून वळसा घालून येतो, आणि आग लागलीच तर तीही त्याच वाटेने येते. १६६६ च्या आगीनंतर लंडन पुन्हा उभं करताना १६६७ च्या कायद्याने विटांच्या किंवा दगडी भिंती सक्तीच्या केल्या त्या उगाच नव्हे.

फटी बुजवूनही पुरलं नाही, तर फक्त झोपायच्या खोलीपुरतं वेगळं अस्तर करून घ्या. सामाईक भिंतीला न टेकणारी स्वतंत्र चौकट, तिच्यात रॉकवूल (दगडाच्या तंतूंची, आवाज शोषणारी लादी), वर जिप्सम बोर्डाचे दोन थर, कडा घट्ट बंद. खोलीची रुंदी चार-पाच इंचांनी कमी होईल. १० डेसिबलची घट झाली तरी कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, आणि झोप लागायला तेवढं बरेचदा पुरतं. भिंतीवर फोमचे चौकोन किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला कुणी दिला तर मानू नका. त्यांनी तुमच्याच खोलीतला घुमारा कमी होतो, पलीकडचा आवाज येतो तसाच येतो.

आता शेजाऱ्यांशी बोलण्याचं. १९५० मध्ये लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या घरांमध्ये त्यांनी पाहिलं, की दाराला दार लागून असलेल्यांपैकी ४१ टक्के एकमेकांचे जवळचे मित्र झाले होते. त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १० टक्के होतं. मैत्री जवळपणातून उगवते, असा त्याचा आनंदी अर्थ सगळे सांगतात. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. १९७६ मध्ये एबेसन, क्योस आणि कोनेच्नी यांनी कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीत लोकांना मित्रांबरोबर नावडत्या माणसांबद्दलही विचारलं. नावडती माणसं मित्रांपेक्षाही जवळ राहत होती! मित्र आपण निवडतो, तो चार दारं पलीकडचाही चालतो. वैर मात्र जो आपली झोप किंवा गाडीची जागा खराब करू शकतो त्याच्याशीच होतं, आणि तेवढी ताकद फक्त शेजाऱ्याकडे असते.

म्हणून बोलायची वेळ नीट निवडा. आवाज चालू असताना दार वाजवू नका. तेव्हा तुम्ही चिडलेल्या असता आणि समोरच्याला आधी तुमचा चेहरा दिसतो, मुद्दा नंतर. एखाद्या सुट्टीच्या सकाळी त्यांना तुमच्याकडे बोलवा, तुमच्या खोलीत बसवा आणि त्यांच्या मुलाला जिन्यावरून एकदा वर-खाली करायला सांगा. बहुतेकांना आपला आवाज पलीकडे कसा पोचतो याची खरोखरच कल्पना नसते. मग 'जरा कमी आवाज करा' असं मोघम न बोलता नेमकं मागा: पायऱ्यांवर पट्ट्या, आणि साडेदहानंतर टीव्हीची जागा दुसऱ्या भिंतीला. पट्ट्यांचा खर्च निम्मा तुम्ही द्या. शेजाऱ्याच्या घरात पैसे का घालायचे, असं मिस्टर म्हणतील. झोप तुमची आहे, म्हणून. आणि हो, तुमचा मिक्सर त्यांना किती ऐकू येतो हेही त्याच बैठकीत विचारा. उत्तर ऐकायची तयारी ठेवा.

मागच्या खोलीबद्दल माझं मत सरळ आहे: काढू नका.

ओळीतल्या मधल्या घराला श्वास घ्यायला दोनच बाजू असतात, पुढची आणि मागची. याचा फायदाही आहे, दोन भिंती शेजाऱ्यांच्या आड असल्याने उन्हाचा आणि थंडीचा तडाखा कमी बसतो. पण उजेड आणि वारा त्या दोनच बाजूंनी येणार. खिडकीच्या वरच्या कडेची जी उंची, तिच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत कामापुरता उजेड पोचतो, असा वास्तुरचनेतला ठोकताळा आहे. खिडकी ७ फुटांपर्यंत असेल तर १४ ते १७ फूट. उजवीकडच्यांनी आभाळाचा एक तुकडा आधीच झाकला आहे. त्यात तुम्ही मागे खोली काढलीत, की आजचं स्वयंपाकघर घराच्या पोटात जाईल आणि त्याला खिडकीच उरणार नाही. सध्या दुपारी दिवा लागतो, मग सकाळीही लागेल, वर धूर आणि वाफ काढायला पंखा चोवीस तास. एक खोली मिळवायला एक खोली घालवायची, असा हा हिशेब आहे.

आणि तुमची नवी भिंत डावीकडच्यांचा उजेड अडवेल. ज्यांच्याशी जिन्याच्या पट्ट्यांबद्दल गोडीगुलाबीने बोलायचंय, त्यांचाच. मग तेही काढतील. दुसरा मार्ग काय उरतो त्यांना? प्रत्येक घराचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा असतो, आणि शेवटी सगळ्या ओळीचं मागचं अंगण संपतं. मलेशियातल्या शहरांमध्ये ओळीची घरं हा अगदी रुळलेला प्रकार आहे, आणि स्वयंपाकघर मागे मागे सरकवत नेणंही तितकंच रुळलेलं. अनेक ओळींत मागचं अंगण आता नावापुरतंही राहिलेलं नाही. वाढत्या कुटुंबाला जागा लागते, त्यात दोष कुणाचाच नाही. दोष असलाच तर घरं वाढणार हे आधी माहीत असूनही कुठे वाढायचं ते न ठरवणाऱ्यांचा.

ठरवता येतं, हे चिलीतल्या इकिके शहरात वास्तुरचनाकार अलेहान्द्रो अरावेना यांच्या एलेमेंताल या गटाने दाखवलं. २००४ च्या सुमारास तिथे किंता मोनरॉय नावाच्या वस्तीत त्यांनी हाती असलेल्या पैशांत घरं मुद्दाम अर्धी बांधली आणि दोन घरांमध्ये रिकामा गाळा सोडला. पैसे येतील तसं प्रत्येक कुटुंबाने आपल्या गाळ्यात वाढायचं. वाढीची जागा, उंची आणि आधार आधीच ठरलेला असल्याने शेजाऱ्याची खिडकी बुजत नाही. अरावेना यांना पुढे २०१६ मध्ये वास्तुरचनेतला मानाचा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. तुमच्या ओळीत असा गाळा कुणी सोडलेला नाही, पण नियम अजूनही करता येतो. त्याकडे येतेच.

स्वयंपाकघराच्या अंधारावर खोली न वाढवताही इलाज आहे. जिन्याच्या डोक्यावर छतात उघडणारी काचेची खिडकी करून घ्या. वरून येणारा उजेड भिंतीतल्या तेवढ्याच खिडकीपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि ती उघडी ठेवली की घरातली तापलेली हवा जिन्यावाटे वर निघून जाते, खालून थंड हवा ओढली जाते. मधल्या घरात वारा खेळवायचा तोच खात्रीचा मार्ग आहे. काचेची चौकट छताला सपाट बसवू देऊ नका, निदान ६ इंच उंच कठड्यावर बसवायला लावा, नाहीतर पहिल्याच पावसात तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल. स्वयंपाकघर आणि जिना यांच्यामधली भिंत भार घेणारी नसेल, तर तिच्यात वरच्या भागात काच बसवा. मागच्या उरलेल्या अंगणाच्या भिंती पांढऱ्या रंगवा. एवढं करून पाहा आणि मगच मिस्टरांशी खोलीचं बोला. त्यांना खरोखर हवी आहे ती आणखी एक खोली की 'आपणही काहीतरी केलं' ही भावना, हे तोवर तुमच्याही लक्षात येईल. (नवऱ्यांना बांधकाम काढण्याची हौस का असते यावर स्वतंत्र सदर चालवता येईल.)

तरी खोली काढायचीच ठरली, तर आजूबाजूच्या दोघांना काम सुरू होण्यापूर्वी नकाशा दाखवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये यासाठी १९९६ चा कायदाच आहे: सामाईक भिंतीला हात लावायचा तर शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी कळवावं लागतं. तुमच्याकडे सक्ती असो वा नसो, पद्धत चांगली आहे. उजवीकडच्यांनी ती पाळली असती तर कदाचित एक मजला कमी झाला असता.

आता ओळ. तुमच्या पत्रात चौदा घरं आहेत, पण तुमचं सोडलं तर माणसं फक्त दोन घरांतली आहेत. उरलेल्या अकरा घरांत कोण राहतं, त्यांचं मागचं अंगण शिल्लक आहे का, त्यांना गाड्यांचा त्रास होतो का, याबद्दल एक ओळही नाही. मला वाटतं तुमच्या असमाधानाचा मोठा भाग इथे आहे. रो-हाऊस घेताना आपल्याला वाटतं आपण स्वतंत्र झालो. फ्लॅटमध्ये जिना, पाणी, लिफ्ट सामाईक असल्यामुळे लोकांना नाइलाजाने का होईना एकत्र बसावं लागतं. रो-हाऊसमध्ये तसा कुणी आग्रह धरत नाही, आणि सामाईक गोष्टी मात्र तितक्याच असतात: भिंती, छताच्या कडेची पन्हाळं, मागची गटार, समोरची गल्ली. फ्लॅट सोडताना तुम्ही कटकटींबरोबर त्या कटकटी सोडवायची जागाही सोडून आलात.

गल्लीपासून सुरुवात करा, कारण तिथे भांडण सगळ्यांत कमी आणि फायदा सगळ्यांना. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्या दिसणाऱ्या रस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकावरून दिवसाला सुमारे २,००० वाहनं जात, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,००० च्या आसपास. कमी वर्दळीच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावर राहणारे सरासरी तीन मित्र होते, जास्त वर्दळीच्या रस्त्यावर एकही पुरता नाही, ०.९. लोकांना आपल्या घराची हद्द कुठपर्यंत वाटते हे त्यांनी नकाशावर काढून घेतलं. शांत रस्त्यावर ती हद्द सगळ्या गल्लीला कवेत घेत होती, गजबजलेल्या रस्त्यावर दारातच संपत होती. तुमच्या घराचं क्षेत्रफळ वाढवायचा एक मार्ग हाही आहे, आणि त्याला सिमेंट लागत नाही. नेदरलँड्समध्ये लोकांनी रस्ता असाच परत मिळवला. डेल्फ्ट शहरात गल्ल्यांमध्ये झाडं, बाकं आणि वळणं घालून गाड्यांना माणसाच्या चालीने चालायला लावलं, आणि १९७६ मध्ये अशा गल्ल्यांना कायद्याचं स्थान मिळालं. तुम्हाला एवढं करायची गरज नाही. गाड्या एकाच बाजूला, दुसरी बाजू पोरांना आणि म्हाताऱ्यांना, इतकं चौदा घरं ठरवू शकतात. ज्या घरात दोन गाड्या आहेत तो आधी विरोध करील. त्याला शेवटच्या घराच्या बाजूची जागा द्या.

तेवढं जमलं की दुसऱ्या बैठकीत मागच्या अंगणाचा विषय काढा: कुणी वाढवलंच तर किती फूट आणि एकच मजला. लिहून घ्या, सह्या घ्या. ज्यांनी आधी बांधलंय त्यांना पाडायला सांगू नका, नाहीतर बैठक तिथेच संपेल. घरांचा रंग एकसारखा असावा असा ठराव कुणीतरी नक्की आणेल. तो शक्य तितका लांबवा, रंगावरून फुटलेल्या ओळी पुन्हा जुळत नाहीत.

शहराबद्दल मात्र तुमच्या हातात फार थोडं आहे. वाढत्या शहराच्या टोकाला घर घेणारा माणूस अर्धे पैसे घराचे देतो आणि अर्धे आश्वासनाचे. बाग, शाळा, बस यांपैकी कशाचं काम जमिनीवर सुरू झालंय ते स्वतः जाऊन बघा. खांब रोवलेले, खणलेलं, माणसं काम करताना दिसतात, ते धरा. फलक आणि नकाशे सोडून द्या.

काळाचा मुद्दाही लक्षात घ्या, कारण काही ओळी जुन्या होताना सुधारतात. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात गिरणगावांत पाठीला पाठ लावलेली घरं बांधली, तीन बाजूंना दुसऱ्याची भिंत आणि वाऱ्याला एकच तोंड. १९०९ च्या कायद्याने ती बंद केली, तरी लीड्समध्ये पळवाटांमधून १९३७ पर्यंत बांधली जात होती. त्याच काळात १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधाराने पुढे रुंद रस्ता, मागे मोकळी जागा अशा नियमांत बसवलेल्या ओळीही उभ्या राहिल्या. त्यांतल्या कितीतरी पुढे झोपडपट्टी ठरवून पाडायला काढल्या होत्या. १९६९ च्या कायद्याने पाडण्याऐवजी सुधारण्याकडे कल वळवला, आणि आज तशा घरांना चांगली मागणी आहे. त्या घरांत संडास आत आणता आला, वायर बदलता आल्या, छत बदलता आलं. रस्त्याची रुंदी आणि मागची मोकळी जागा सुरुवातीलाच होती म्हणून बाकी सगळं नंतर जमलं. तुमच्या ओळीकडे त्या नजरेने बघा. समोरचा रस्ता पुरेसा रुंद आहे का? मागे अजून आभाळ दिसतं का? दिसत असेल तर ही ओळ वाचवण्यासारखी आहे.

राहिला तुमचा प्रवास. मला विचाराल तर पत्रातली सगळ्यांत जड ओळ तीच आहे, आणि तुम्ही ती गाड्या आणि बागेच्या ओघात उरकली आहे. अलोइस श्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांनी जर्मनीतल्या लोकांची माहिती वर्षानुवर्षांच्या पाहण्यांतून तपासली आणि २००८ मध्ये मांडलं, की रोजचा प्रवास जितका लांब तितकं जगण्यातलं समाधान कमी. चांगल्या घराने किंवा चांगल्या पगाराने ही तूट भरून निघेल असं वाटतं, पण ती भरून निघताना दिसली नाही. घर घेताना आपण खोल्या मोजतो, कारण खोल्या दिसतात. प्रवासाचे तास नंतर हळूहळू वसूल होतात. सवय होईल का, असं तुम्ही विचारलंत. लहान स्वयंपाकघराची होते. जिन्याचीही होते, गुडघे चांगले असेपर्यंत. रोज वेगळ्या ठिकाणी अडकणाऱ्या रस्त्याची सवय सहसा होत नाही, कारण तो रोज नव्याने छळतो.

म्हणून विकण्याचा निर्णय भिंतीवर किंवा स्वयंपाकघरावर घेऊ नका, प्रवासावर घ्या. आठवड्यातले दोन दिवस घरून काम, कामाच्या वेळा पुढेमागे करणं, बदली, यांतलं काही मिळतं का ते या वर्षात विचारून बघा. मिळालं तर राहा, आणि वरचं सगळं करा. मिळालं नाही आणि बसचंही काही दिसलं नाही, तर विकायला लाजू नका. तीन वर्षांत निर्णय बदलणं म्हणजे हार नव्हे. तेव्हाची तुमची परिस्थिती वेगळी होती. पुढचं घर बघायला मात्र संध्याकाळी सात ते नऊ या वेळात जा, मधल्या खोलीत दहा मिनिटं गप्प उभ्या राहा, आणि दलालाला बाहेर थांबवून शेजारच्या दाराशी चार शब्द बोला.

सासूबाईंच्या खोलीचं शेवटी ठेवलं, कारण त्यात मला एक गोष्ट खटकली. त्यांचे गुडघे गेले हे तुम्ही लिहिलंत, मिस्टरांना खोली हवी हेही लिहिलंत, पण त्यांना स्वतःला काय हवं आहे हे पत्रात कुठेच नाही. मागच्या नव्या खोलीचं खरं कारण त्याच असतील, तर ती खोली त्यांच्यासाठी वाईट आहे. गल्लीपासून सगळ्यांत लांब, उजेड कमी, आणि दिवसभर दिसणार काय, तर भिंत. खाली आणायचंच असेल तर पुढचा दिवाणखाना आखडून त्यांना रस्त्याकडेची जागा द्या आणि बैठक वर न्या. पण त्याआधी तळमजल्यावर त्यांना वापरता येईल असं न्हाणीघर आणि संडास आहे का ते पाहा. कोरडी जमीन, दाराशी पायरी नाही, धरायला दांडी. ते नसेल तर खाली खोली देऊनही त्या दिवसातून सहा वेळा जिना चढतील. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावणं दोन दिवसांचं काम आहे, ते तर उद्याच सांगा. कदाचित त्या म्हणतील, मला वरच राहू द्या, सज्जातून गल्ली दिसते. मग रोज एकदाच खाली-वर होईल अशी व्यवस्था लावणं एवढंच काम उरतं, आणि चहाची किटली वर ठेवली की त्यातलं अर्धं झालं. सुताराला बोलावण्यापूर्वी त्यांना विचारा, आणि मिस्टर घरात नसताना विचारा, म्हणजे खरं सांगतील.